मूळ प्रत पाहा

९ जानेवारी, शुक्रवार

वन्सं,

माझा एकेचाळिसावा प्रस्तावही नाकारला गेला. बातमी पक्की आहे. ऑनलाइन कामं देणाऱ्या साइटने सकाळी नऊला कळवलं आणि तुमच्या भाचीने कॉलेजला निघता निघता स्क्रीनवर दोनदा वाचून खात्री केली. "आई, नाही म्हणजे नाहीच आहे," म्हणाली आणि चपला घालून गेली.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र लिहितेय. तुमचा भाऊ म्हणतो, ताई पत्र फाडून टाकणारी नाही, निदान उघडून बघेल. बघा.

आपलं दैनिक जूनमध्ये बंद पडलं, हे त्याने सांगितलं असेलच. शेवटच्या दिवशी आम्ही सात जण होतो. मी अठ्ठेचाळीस वर्षांची, हातात एकच कला, दुसऱ्याच्या चुका काढायची. तीन छापखान्यांत जाऊन आले. तिथे आता मुद्रितशोधक नसतो, एक बटण असतं. ते दाबलं की शब्दाखाली लाल रेघ येते, आणि बरोबर शब्दाखालीही येते. एका मालकाने तर मला चहा पाजला आणि म्हणाला, बाई, तुम्ही फार उशिरा आलात. मी म्हटलं, मी दहाला आले, तुम्हीच अकरा वाजता आलात.

मग भाची म्हणाली, घरबसल्या कर, ऑनलाइन जगभरचं काम पडलंय. पडलंय खरं. उचलायला गेलं की दुसऱ्याच्या हातात असतं.

प्रोफाइल करायलाच चार दिवस गेले. फोटो ओळखपत्राशी जुळायला हवा, म्हणून साइट म्हणे चष्मा काढा. चष्मा काढला तर स्क्रीन दिसत नाही, त्यामुळे कुठे बघायचं ते कळत नाही. तीन फोटोंत मी कपाटाकडे बघतेय. मग व्यवसाय निवडायचा. यादीत पाळीव प्राण्यांचे फोटो सजवणारे होते, मुद्रितशोधक नव्हते. भाचीने परस्पर 'भाषातज्ज्ञ' लिहिलं. मी खोडलं. तिने परत लिहिलं. मी म्हटलं, तज्ज्ञ मी कधीपासून झाले? तर म्हणते, "आई, तिथे सगळेच तज्ज्ञ असतात. तू एकटीच खरं बोलशील तर तुला कोण शोधणार?" शेवटी मी मुद्रितशोधकच ठेवलं. आणि खरंच कोणी शोधलं नाही.

आता चूक सांगते. हसा हवं तर. काम देणारे जाहिरात टाकतात आणि आपण खाली प्रस्ताव पाठवायचा. त्या जाहिराती वाचवत नाहीत. 'अनुभवि भाषांतरकार पाहीजे.' मी काय केलं असेल? प्रस्तावाच्या खाली त्यांचीच जाहिरात दुरुस्त करून जोडली. वाटलं, माझ्या कामाचा याहून चांगला नमुना कोणता? अशा बावीस जाहिराती दुरुस्त केल्या. भाचीला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. एका गृहस्थाने तर माझी दुरुस्त प्रत जशीच्या तशी पुन्हा टाकली आणि काम दुसऱ्याला दिलं. ती जाहिरात अजून साइटवर आहे. अगदी शुद्ध आहे.

बाकी सगळं ठीक. तुमच्याकडून काही हवंय म्हणून लिहिलेलं नाही.

तुमची भावजय


२२ जानेवारी, गुरुवार

वन्सं,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. ते अपेक्षितच होतं, म्हणून दुसरं लिहितेय.

या पंधरवड्यात एक काम मिळालं, दोन गेली. मिळालं ते उशांचं. एका उशी विकणाऱ्याला पस्तीस प्रकारच्या उशांची वर्णनं तपासून हवी होती. मी विचारलं, 'मानेला आराम देणारी' आणि 'मानेला आरामदायी' असं दोन्ही लिहिलंय, एकच ठेवू का? आणि 'आयुष्यभराची झोप' असं लिहिलंय, त्याचा अर्थ वेगळा होतो. त्याने काम घेतलं, दुरुस्त्या घेतल्या, पाचपैकी तीन तारे दिले आणि खाली शेरा मारला, 'प्रश्न फार विचारतात.' तो शेरा आता माझ्या नावाखाली कायमचा राहणार. साइटवरचं काही खोडता येत नाही.

पहिलं गेलं ते मात्र जिव्हारी लागलं. एका बाईंना रुग्णांसाठीच्या सूचनापत्रकाचं काम द्यायचं होतं. मी दोन तास बसून प्रस्ताव लिहिला. त्यांचं उत्तर आलं की, तुमचा मजकूर यंत्राकडून लिहून घेतलेला दिसतो, त्यात एकही चूक नाही, आम्हाला माणूस हवा आहे.

वन्सं, तीस वर्षं डोळे फोडून हेच मिळवलं होतं.

भाची म्हणाली, पुढच्या वेळी मुद्दाम दोन चुका घालून पाठव, म्हणजे विश्वास बसेल. मी एक घालून पाहिली. 'मिळाली'तला 'मि' दीर्घ केला. पाठवायच्या आधी पाच मिनिटं त्या 'मी'कडे बघत बसले आणि सुधारून टाकला. तेही काम गेलं.

घरात माझं नवं नाव पडलंय, 'घरीच असते.' गॅसवाला येणार, ती घरीच असते. शेजारच्यांची किल्ली ठेवायची, ती घरीच असते. तुमचा भाऊ वाईट अर्थाने म्हणत नाही. पण काल त्याच्या मित्राने विचारलं, वहिनी काय करतात? तर त्याने उत्तर द्यायला जरा वेळ घेतला. तेवढा वेळ मला ऐकू आला.

आपल्या खोलीची आठवण येते. खिडकीशी टेबल, तुम्ही पलीकडे मूळ प्रत घेऊन मोठ्याने वाचताय, मी अलीकडे छापलेल्या कागदावर बोट ठेवून बघतेय. 'समितीची बैठक मंगळवारी होणार आहे पूर्णविराम नवा परिच्छेद.' तुम्ही उंच आणि सरळ म्हणून अक्षरं जुळवणाऱ्यांनी तुमचं नाव काना ठेवलं होतं, आणि मी तुमच्या मागे मागे तिरकी चालायची म्हणून मी मात्रा. मला या कामाला तुम्हीच लावलंत. मॅनेजरला म्हणाला होतात, माझी भावजय आहे पण तिला घ्या ते तिच्या डोळ्यासाठी.

एवढंच. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

भावजय


४ फेब्रुवारी, बुधवार

वन्सं,

आता मात्र काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय होणार नाही. आडवळणाने लिहायची हौस मागच्या दोन पत्रांत भागली.

शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनाला वर्षभरासाठी मुद्रितशोधक हवा आहे. हो, जाहिरातीत हाच शब्द होता. पहिली ते आठवी, सगळी पुस्तकं, घरी बसून. त्यांनी चाळीस पानांची परीक्षा घेतली. पानांत मुद्दाम चुका पेरल्या होत्या. मी सगळ्या काढल्या, आणि त्यांनी न पेरलेल्या दोन निघाल्या त्या वेगळ्या. परवा दुपारी त्यांच्या संपादक बाईंनी स्क्रीनवरून मुलाखत घेतली. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असतील, पण 'अनुस्वार' म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, आमचं जवळजवळ ठरलं आहे.

राहिलंय ते एकच. पूर्वी सोबत काम केलेल्या एका माणसाने माझ्याबद्दल फॉर्म भरून द्यायचा. ते याबाबतीत कडक आहेत. आधीच्या मुद्रितशोधकाकडून गणिताच्या पुस्तकात चूक गेली आणि तो म्हणाला, माझ्याकडे फाइलच तशी आली होती. शोधल्यावर फाइल बरोबर निघाली. तेव्हापासून हा नियम आहे.

मी कोणाचं नाव देऊ? मॅनेजर गेल्या वर्षी वारले. मुख्य उपसंपादकांना आता स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही. बाकीचे त्या खोलीत कधी आलेच नाहीत. माझं काम जवळून पाहिलेलं एकच माणूस आहे आणि ते माझा फोन उचलत नाही.

त्या प्रकरणाचं तुमच्या मनात आहे हे मला ठाऊक आहे. पाच वर्षं झाली. बाजारपेठेतल्या त्या मोठ्या व्यापाऱ्याच्या निधनाच्या बातमीत 'त्यांच्या पश्चात पत्नी, चार मुले' याऐवजी 'चोर मुले' छापलं गेलं. चारही मुलं कार्यालयात आली. निम्मं गाव म्हणालं की छापलंय त्यात चूक काय आहे, आणि त्यामुळे ती आणखी भडकली. एका मात्रेने एवढं झालं. पण वाचताना एखादा शब्द चुकीचा ऐकू जातो, त्यात कोणाचाच दोष नसतो. मॅनेजरनी तुम्हाला जाहिरातींच्या खिडकीवर बसायला सांगितलं आणि तुम्ही रागाने राजीनामा दिला. तो तुम्ही द्यायला नको होता, असं मला तेव्हाही वाटत होतं.

जे झालं ते झालं. फॉर्म पाच मिनिटांचा आहे. तुमचा ईमेल पत्ता त्यांना देऊ का, एवढंच कळवा. एका ओळीचं उत्तर पुरे.

भावजय


११ फेब्रुवारी, बुधवार

वन्सं,

तुमचं पाकीट आज पोस्टमनने हातात दिलं. आत माझंच पत्र निघालं, चार तारखेचं. सोबत एक अक्षर नाही. फक्त लाल पेनाच्या खुणा.

दुसऱ्या परिच्छेदात मी 'संपादीका' लिहिलं होतं, ते तुम्ही सुधारलंत. स्वतःच्या प्रतीत मी ते कापून आता 'संपादक बाई' केलं आहे, आणि लाजही वाटली. एका ठिकाणी स्वल्पविराम घातलात. आणि मग 'त्यात कोणाचाच दोष नसतो' या वाक्याखाली जाड रेघ, आणि समासात आपल्या नेहमीच्या खुणेसारखं लिहिलंय, 'मूळ प्रत पाहा.'

राग आला, खोटं कशाला सांगू. पाच वर्षांनी तोंड उघडलं ते मला शिकवायला? मी पदर खोचून संसार करतेय, रोज सकाळी त्या साइटपुढे बसून अनोळखी माणसांना 'आपली विश्वासू' लिहितेय, आणि तुम्ही तिकडे वाचनालयात बसून लाल पेन घेऊन माझी वाक्यं तपासताय. मी पत्र तुमच्या भाचीला दाखवलं. वाटलं, ती माझी बाजू घेईल.

तिने वाक्य वाचलं, समास वाचला आणि विचारलं, "मूळ प्रत काय आहे?"

मी म्हटलं, ही आमची खूण आहे. तपासणाऱ्याला शंका आली की तो असं लिहितो.

"ते कळलं," ती म्हणाली. "पण आत्याला शंका आलेली दिसत नाही. तिला माहीतच आहे."

मी तिला पाणी आणायला पाठवलं. हे पत्र टाकत नाहीये. दुसरं लिहीन.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

वन्सं,

परवाचं पत्रही याच पाकिटात घालतेय. राग दिसू दे.

मूळ प्रत अशी.

त्या दिवशी तुम्ही सकाळपासून कोणाशी बोलत नव्हता. आदल्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नंबर वाढतच जाणार, बारीक अक्षराचं काम कमी करा. हे फक्त मला माहीत होतं, कारण दवाखान्यात सोबत मी आले होते. संध्याकाळी निधनाच्या बातम्या आल्या. तुम्ही वाचत होता. 'त्यांच्या पश्चात पत्नी स्वल्पविराम चार मुले.' चार. स्पष्ट वाचलंत. माझ्या समोरच्या कागदावर 'चोर' होतं.

मला दिसलं होतं, वन्सं. ऐकण्यात काही चूक झाली नाही, बघण्यातही झाली नाही. मला दिसलं आणि हसू आलं. ज्याच्या मुलांबद्दल गावभर हेच बोललं जातं, त्याच्याच बातमीत हे. मी खूण केली नाही. म्हटलं, पान संपलं की तुम्हाला दाखवते, दिवसभरात एकदा तरी हसाल. मग तुम्हाला कोणीतरी बाहेर बोलावलं, आतून पान मागायला माणूस आला, त्याने घाई केली, आणि मी खाली सही केली. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यातून ते गेलं होतं. सकाळी चहा घेताना वर्तमानपत्र उघडलं तेव्हा आठवलं.

इथपर्यंत चूक होती. ती कोणाच्याही हातून होईल. पुढचं तसं नाही.

मॅनेजरनी विचारलं, हे कसं गेलं? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, कारण कागद माझ्यासमोर होता, उत्तर मीच द्यायचं होतं. मी म्हणाले, "मला चोर असंच ऐकू आलं." त्यांनी तुमच्या जाड चष्म्याकडे पाहिलं. बाकीचं त्यांनी आपलं आपण जुळवलं. मला आणखी एक शब्दही बोलावा लागला नाही, आणि मी बोललेही नाही. तुम्ही पेनाला टोपण लावलंत आणि उठलात. डॉक्टरांकडे तुम्ही मला विश्वासाने सोबत नेलं होतं, आणि माझी थाप खपली ती त्याच चष्म्यामुळे.

राजीनामा तुम्ही रागाने दिला, असं मी सगळ्यांना सांगत आले. तुमच्या भावालाही.

त्याला काल सांगितलं. तो बूट घालत होता, एक पाय घातलेला, तसाच बसून राहिला. मी सगळं सांगून झाल्यावर त्याने एकच विचारलं, "ताईला माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

"पाच वर्षं मी दर महिन्याला तिच्याकडे जातो," तो म्हणाला. "दर वेळी तिला म्हणतो, झालं गेलं सोड, माझ्या बायकोला माफ कर, तिने काही मुद्दाम केलेलं नाही. आणि ती मला चहा देते."

मग दुसरा बूट घालून गेला. संध्याकाळी आला, जेवला, भांडी घासली.

आता फॉर्मचं. तुम्ही होकार दिलेला नाही, पण तुमचा पत्ता मी आज संपादक बाईंना दिला. न विचारता दिला, याचा राग आला तर तोही फॉर्ममध्ये लिहा, जागा आहे. प्रश्न चारच आहेत. किती वर्षं सोबत होतात, काम कसं होतं, वेळ पाळते का. चौथा असा आहे: 'या व्यक्तीच्या हातून मोठी चूक झाली तेव्हा तिने काय सांगितलं?'

हाच चौथा प्रश्न मला भरायला दिलेल्या फॉर्ममध्येही आहे. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून ते ताडून पाहतात. भाचीने मला अर्धा तास समजावलं की असं काही लिहू नकोस, म्हण की एकदा तारीख चुकली होती आणि लगेच कबूल केलं. सगळे तसंच लिहितात, आत्याही मोठ्या मनाने काहीतरी चांगलंच लिहील, जुळून जाईल. तिचं चुकत नाही. चाळीसच्या वर नकार तिने माझ्यासोबत वाचलेत. मलाही हे काम हवंय, वन्सं. इतकं हवंय की पहाटे उठून मी त्यांच्या तिसरीच्या पुस्तकाची जुनी प्रत तपासत बसते, कोणी सांगितलेलं नसताना.

पण मी वर लिहिलं आहे तेच फॉर्ममध्ये लिहिलं. चूक दिसली होती, सही केली, आणि दोष दुसऱ्यावर ढकलला, तिची नोकरी गेली. नऊ ओळी झाल्या. आज दुपारी बारा वाजता पाठवला. पाठवल्यावर तो बदलता येत नाही.

म्हणून माझ्यासाठी काही झाकून लिहू नका. तुमचं वेगळं आणि माझं वेगळं निघालं तर त्यांना वाटेल, दोघींपैकी एक खोटं बोलतेय, आणि या वेळी ती तुम्ही ठराल. ते मला नको आहे. त्याआधी मी कामावर पाणी सोडेन. आणि माझ्यावर उपकार म्हणून काही लिहू नका, तसंच राग म्हणून काही गाळूही नका. काम कसं होतं, हेही त्यांनी विचारलं आहे.

तुमचा भाऊ रविवारी तुमच्याकडे येतोय, नेहमीप्रमाणे. हे पाकीट त्याच्याच हातात देतेय. या वेळी तो माझी वकिली करणार नाही. वाचनालयातल्या संगणकावर फॉर्म मोठ्या अक्षरात कसा उघडायचा ते भाचीने त्याला कागदावर लिहून दिलं आहे.

फॉर्म तुमच्याकडे सोमवारी दुपारपर्यंत येईल असं संपादक बाईंनी कळवलं आहे. बुधवारी सहा वाजता तो बंद होतो. तोवर काहीच भरलं गेलं नाही तर साइट स्वतःहून 'सहकाऱ्याने उत्तर दिले नाही' अशी नोंद करते. गुरुवारी ते निकाल सांगणार आहेत.